दगड लागायच्या आधी

३ मार्च

बंधू,

माझा आवाज ओळखलास आणि फोन ठेवलास. बरोबरच केलंस. आमच्या घरातून तुला आजवर आलेला कुठला फोन तुझ्या भल्यासाठी होता? म्हणून पत्र लिहितेय. पत्राचं एक बरं असतं, निम्म्यात टाकून दिलं तरी उरलेलं तिथेच राहतं.

'बंधू' लिहिताना हात अडखळला. दादा घरात होताच, मग काकांच्या मुलाला काय म्हणायचं, तर शाळेच्या पुस्तकातल्या पत्रात 'प्रिय बंधूस' असं होतं म्हणून तू बंधू. सगळे हसायचे. तू मात्र ओ द्यायचास.

मला मुलगा झालाय. दोन महिने आधीच आला. काचेच्या पेटीत आहे, नाकात ऑक्सिजनची नळी. वजन तसं बरं आहे. तिथली एक सिस्टर त्याला 'पैलवान' म्हणते, कारण शेजारच्या पेट्यांमधली बाळं त्याच्या निम्म्याने आहेत. आम्हाला वाटलं, आता फक्त वाढायचं आणि घरी यायचं. मग डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई आल्या. कपाळाला दिवा बांधून, बारक्या चिमट्याने पापण्या उघड्या धरून त्यांनी बघितलं. बघता बघता त्यांचं बोलणं थांबलं.

त्यांनी मला समजेल असं सांगितलं. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर रक्तवाहिन्या मधून निघून कडेपर्यंत वाढत जातात. बाळ आधी आलं की त्या अर्ध्या वाटेवर असतात. मग बाहेरच्या जगात वाढायला लागतात त्या वेड्यावाकड्या, आणि पडदा ओढतात. पुष्कळ बाळांत ते आपोआप निवळतं. "पण इतक्या वजनाच्या बाळात इतक्या झपाट्याने असं सहसा दिसत नाही," त्या म्हणाल्या, आणि विचारलं, "घरात कुणाच्या डोळ्याला काही?"

मी म्हटलं, भावाचा डावा डोळा गेलाय, पण तो दगड लागून. लहानपणी चुलतभावाच्या बेचकीतून दगड सुटला.

बाईंनी विचारलं, "दगड लागायच्या आधी तो डोळा कसा होता?"

बंधू, हा प्रश्न आमच्या घरात कुणी कधी विचारलाच नाही. मी तेव्हा पाच वर्षांची होते. मला फक्त भुवईवरचं रक्त आठवतं, आणि तू भिंतीला टेकून उभा होतास ते. तू आणि दादा दिवसभर एकत्र असायचात. तुला ठाऊक असेल. त्याला त्या डोळ्याने आधी दिसत होतं का?

एवढंच विचारायचं आहे. बाळाच्या डोळ्यात इंजेक्शन दिलंय. उतार पडेल.

तुझी,
पत्ता पाकिटावर आहे.


११ मार्च

बंधू,

उत्तर नाही. मी रोज पत्रांची पेटी उघडून बघते.

मागच्या पत्रात 'उतार पडेल' असं लिहिलं होतं. ते मी लिहिलं होतं, डॉक्टर तसं म्हणाल्या नव्हत्या. उजव्या डोळ्याचा पडदा सुटायला लागलाय. डाव्यावर लेसर केलं. परवा उजव्याचं ऑपरेशन. एवढ्याशा डोळ्यात ते सुया घालणार आहेत. मी सही करून आले आणि जिन्यात बसले, तर साफसफाई करणाऱ्या बाईंनी मला उठवून बाकावर नेलं.

दुसरं असं की डॉक्टरीणबाईंनी माझे डोळे तपासले. थेंब टाकून बाहुल्या मोठ्या केल्या आणि कितीतरी वेळ कडेकडेला बघितलं. मला चष्माही नाही. बाईंनी खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाल्या, "तुमच्याही वाहिन्या कडेपर्यंत गेलेल्या नाहीत. थोडक्यात थांबल्यात. तुम्हाला आयुष्यभर कळलंही नसतं."

म्हणजे हे रक्तातून येतं. वाहिन्यांना 'चला, कडेपर्यंत जा' असा जो निरोप मिळायला हवा, तो आमच्यात अर्धवट मिळतो. कुणात इतकं थोडं बिघडतं की कळत नाही, कुणाचा डोळा जातो. आणि ज्याच्यात आधीच हा दोष आहे ते बाळ दिवस भरायच्या आत आलं, तर दोन्ही एकावर एक. पक्कं सांगायला रक्त तपासायला दिलंय. पण बाईंना दादाचा दुसरा डोळा बघायचा आहे. डावा तर आता पांढरा पडलाय, त्यातून काही कळणार नाही. उजवा सांगेल.

दादा नाही म्हणतो. दुकानात गेले होते. तो एका कपाटाला पॉलिश करत होता. मान वर न करता म्हणाला, "माझा डोळा दगडाने गेला. बास. तुझ्या पोराचं दुःख आहे मला, पण म्हणून माझ्या आयुष्याचा पाया खणू नकोस."

"पाया काय खणणार, थेंब टाकून बघणार आहेत."

"तेच ते," म्हणाला.

मी घाई का करतेय तेही सांगते. माझ्या नवऱ्याला कुणालातरी धरायचं आहे. ज्या सिस्टरने 'पैलवान' नाव ठेवलं, तिच्या पाळीत एकदा ऑक्सिजनचा आकडा जास्त दिसला होता. त्याने मोबाइलवर फोटो काढून ठेवलाय. तक्रार तयार आहे. सिस्टरला वॉर्डातून काढून खाली केस-पेपरच्या खिडकीवर बसवलंसुद्धा. डॉक्टरीणबाई म्हणतात, ऑक्सिजन जास्त झाला तर हा आजार वाढतो हे खरं, पण ह्या बाळाला तो जास्त दिला गेला असं त्यांना दिसत नाही. थोडा वेळ आकडा वरखाली होतो आणि खाली आणतातही. नवरा ऐकत नाही. साप साप म्हणून भुई धोपटतोय. आणि मला त्याचा रागही येत नाही. पेटीपाशी उभं राहिलं की माणसाला काहीतरी धोपटायला लागतंच.

पण बंधू, मी मोजायला लागले. आजोबांचा डोळा गेला तेव्हा म्हणे लाकडाची ढलपी उडाली होती, आणि रंधा मारणाऱ्या कामगाराला त्याच दिवशी काढून टाकलं. दादाचा गेला तेव्हा तू सापडलास. आता ही सिस्टर. आपल्या घरात गेलेल्या प्रत्येक डोळ्याला एकेक गुन्हेगार सापडत आलाय.

आणि आता जे खरं लिहायचं होतं ते. तुला एक मुलगी आहे, शाळेत जाते, असं जुन्या शेजारणीकडून कळलं. आजोबांकडून हे बाबांकडे आलं, तसं काकांकडेही आलं असेल. काकांकडून तुझ्याकडे, तुझ्याकडून तिच्याकडे. नसेलही. प्रत्येक वेळी नाणं उडवल्यासारखं असतं. पण तिचे डोळे तपासून घे. चष्म्याच्या दुकानात नाही, डोळ्यांच्या डॉक्टरकडे. थेंब टाकून पडद्याची कड बघायला सांग. वेळेत सापडलं तर अडवता येतं. माझ्या मुलाचं अर्धं हातातून गेलंय, म्हणून सांगतेय.

मी.


१९ मार्च

वहिनी,

आपली ओळख नाही. तुमचं नावही मला नीट ठाऊक नाही, म्हणून नुसतं वहिनी लिहिते. मी तुमच्या नवऱ्याची चुलत बहीण. शाळांच्या गणवेशाच्या कारखान्यात कापड बेतायचं काम करते. आमच्याकडे कापड घेऊन येणारे गृहस्थ तुम्ही बसता त्या दुकानातही येतात, म्हणून हे त्यांच्या हातून पाठवतेय. घरच्या पत्त्यावर पाठवलेलं माझं दुसरं पत्र न उघडता परत आलं. पाकिटावर बंधूचंच अक्षर होतं, 'घेणार नाही'.

त्याचा आमच्यावरचा राग रास्त आहे. त्याबद्दल मी तुम्हाला काही पटवायला जाणार नाही. हे पत्र मुलीसाठी आहे.

परत आलेलं पत्र तसंच आत घातलंय. वाचा. वाचून वाटलं की ही बाई आता नवं काहीतरी त्याच्या गळ्यात मारायला आलीय, तर फाडून टाका, पण मुलीला डॉक्टरकडे नेऊन मग फाडा. ती टीव्हीच्या फार जवळ बसते का? एखाद्या बाजूला धडपडते का? नसेल करत तरीही न्या. मीही कधी धडपडले नव्हते.

माझ्या बाळाच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पडदा बसला नाही. उजेड-अंधार कळेल, बाकी नाही. डाव्यावरचं लेसर धरून आहे. तो एक डोळा धरून आम्ही सगळे बसलोय.

तुमची वन्सं म्हणायचं का मी स्वतःला? नको. फक्त एका बाळाची आई.


२६ मार्च

ताई,

पत्र मिळालं. दुकानात गिऱ्हाईक होतं, तरी उभ्या उभ्या वाचलं. मालकाने विचारलं काय झालं, मी म्हटलं माहेरची तब्येत.

मुलगी फळा बघताना मान तिरकी करते, असं तिच्या बाईंनी मागच्या सुट्टीच्या आधीच सांगितलं होतं. मला वाटलं, लाड. "सरळ बस," म्हणून मीच तिला दोनदा पाठीत धपाटा घातलाय. ते आता आठवतं आणि हात जळतो.

ह्यांना न सांगता नेणार होते. पण हे लांबच्या गाडीवरून सकाळीच परतले होते, आणि पत्र माझ्या पर्समधून डोकावत होतं. अक्षर ओळखून त्यांनी ते ओढून घेतलं. मला वाटलं, फाडतील. उभ्याने वाचायला लागले, मग ड्रायव्हरचा गणवेश अंगात असतानाच खाली फरशीवर बसले आणि परत पहिल्यापासून वाचलं. दुपारी जेवायला वाढलं तर ताटाकडे बघत म्हणाले, "तो दारावर आपटायचा गं. नेहमी डाव्या बाजूने. आम्ही त्याला हसायचो. त्याला वाटेत डावीकडून हाक मारली की दचकायचा."

मी विचारलं, "मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

म्हणाले, "तेरा वर्षांचा होतो. बेचकी माझ्या हातात होती. दगड मीच सोडला होता. सगळे म्हणाले डोळा मी फोडला, तर मलाही वाटलं मीच फोडला."

ताई, आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली. मुलगी चालायला लागल्यापासून हे तिच्याजवळ हातात काही घेऊन उभे राहत नाहीत. कंगवासुद्धा आधी खाली ठेवतात, मग तिला उचलतात. मी त्यांना विक्षिप्त म्हणायचे.

शुक्रवारी डॉक्टरची वेळ मिळालीय. कळवते.


६ एप्रिल

बंधू,

वहिनींचं पत्र आलं. त्यातलं तुझं वाक्य मी इतक्यांदा वाचलं की मला ते तुझ्याच आवाजात ऐकू येतं. आता ऐक, इकडे काय झालं ते.

पत्र घेऊन मी सरळ आईकडे गेले. ती टेबलाशी बसून मटार सोलत होती. दादा खिडकीपाशी, सुट्टी होती त्याला. मी बसलेसुद्धा नाही.

"आई, दगड लागायच्या आधी दादा दारावर आपटायचा का?"

तिचे हात थांबले. "कोण म्हणालं?"

बघ, 'नाही' म्हणाली नाही. 'कोण म्हणालं' म्हणाली.

"बंधू म्हणाला."

"तो म्हणणारच. अंगावरचं झटकायला."

"आई, त्याने हे मला सांगितलेलंही नाही. बायकोजवळ बोलला. आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा बोलला. तू माझ्याकडे बघ. माझा मुलगा एका डोळ्याने गेला. त्याची डॉक्टर विचारतेय. आपटायचा की नाही?"

आईने हातातली शेंग न सोलता खाली ठेवली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "शाळेतल्या बाईंनी बोलावलं होतं. उजवा डोळा झाकला की हा फळा वाचत नाही, गप्प उभा राहतो, असं म्हणाल्या. दाखवून घ्या म्हणाल्या. मी म्हटलं, सुट्टी लागली की दाखवू."

"आणि?"

"आणि सुट्टी लागायच्या आधी ते दगडाचं झालं."

दादा खिडकीपासून वळला. त्याचा चेहरा मी सांगू शकत नाही. "म्हणजे मला आधीच दिसत नव्हतं?"

"तू लहान होतास. तुला वाटायचं सगळ्यांना तसंच दिसतं."

"आई, तू कुणालाच बोलली नाहीस?" मी विचारलं.

"कुणाला बोलू? डॉक्टर म्हणाले मार लागलाय, तुझे बाबा म्हणाले पुतण्याने घात केला, सगळं घर दगड दगड करत होतं. मी एकटीने काय म्हणायचं होतं?"

"होतं ते म्हणायचं," मी म्हटलं.

तेव्हा ती माझ्यावर उसळली. "आणि तुला कुणी करून घेतलं असतं? आजोबांचा डोळा तसा, ह्याचा असा. लोक म्हणाले असते घराण्यातच आहे. दगड लागला की फक्त एक पोरगा वाईट ठरतो. रक्त वाईट म्हटलं की सगळी पोरं बाद. मी माझी पोरं बघितली."

बंधू, माझ्यासाठी. माझं लग्न व्हावं म्हणून तुला वसतिगृहात धाडलं, काका-काकूंनी हे घर आणि दुकान सोडलं. मला कुणी विचारलं नव्हतं हे खरं, मी पाच वर्षांची होते. पण माझा संसार ज्या जमिनीवर उभा आहे ती तुझी होती, हे मला त्या दिवशी कळलं. मी आईला ओरडून बोलायला गेले होते. मला ओरडता आलं नाही. तिची बोटं हिरवी झाली होती. रागही येत होता आणि तिचा हात धरावासाही वाटत होता. मी दोन्ही केलं नाही.

दादा चपला घालून बाहेर पडला. मला वाटलं, आता हा महिनाभर तोंड दाखवणार नाही. दुसऱ्या दिवशी मी इस्पितळात गेले, तर डोळ्यांच्या विभागाबाहेरच्या बाकावर हा बसलेला. बाहुल्या मोठ्या झालेल्या, उजेड सोसत नव्हता म्हणून हाताचा आडोसा केलेला. बाईंनी त्याच्या उजव्या डोळ्यात तेच बघितलं, माझ्यापेक्षा जास्त. रक्ताचे निकालही आलेत. माझ्यात आहे, बाळात आहे. आता शंका नाही.

दादाने बाईंना तोंडावर विचारलं, "मग दगडाने काही झालंच नाही?"

बाई सरळ आहेत. म्हणाल्या, "काहीच झालं नाही असं मी म्हणणार नाही. दुबळा पडदा होता, मार लागून लवकर सुटला असेल. पण त्या वयातला धडधाकट डोळा भुवईवरच्या दगडाने असा जात नाही. आणि तुम्हाला आधीच दिसत नव्हतं, असं तुमच्या आईच सांगतात."

दादा म्हणाला, "बाबा गेले तेव्हा तो आला होता. मी त्याला फाटकातूनच परत पाठवलं." बाईंना त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी त्याला रुमाल दिला, डोळ्यातले थेंब पुसायला.

नवऱ्यालाही मी सगळं सांगितलं, आईसकट. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे कुणाचाच दोष नाही?" असं विचारलं, जणू त्याच्या हातातलं शेवटचं काहीतरी काढून घेतलं मी. मी म्हटलं, नाही. तेव्हा तो पहिल्यांदा रडला. दुसऱ्या दिवशी त्याने तक्रार मागे घेतली. आम्ही दोघं खाली केस-पेपरच्या खिडकीवर गेलो. सिस्टर काचेपलीकडे. माझ्या नवऱ्याने काहीतरी बोलायला सुरुवात केली. तिने पुरतं होऊ दिलं नाही. "पैलवानाचं वजन किती झालं?" म्हणाली. ती अजून वॉर्डात परतलेली नाही. इस्पितळाचे साहेब म्हणतात बघू. आम्ही दोघं रोज त्या साहेबांच्या दारात उभे राहतोय. डाग लावायला एक फोटो पुरतो, पुसायला किती वेळ लागतो ते आता कळतंय.

मी तुझ्याकडे माफी मागत नाही, ती माझ्या हातात नाही आणि ज्यांनी ती मागायची त्यांतले एक गेले आणि एक मटार सोलतेय. मुलीचं काय झालं तेवढं कळव.

मी.


१५ एप्रिल

छोटे,

मला पत्र लिहायची सवय नाही. गाडीच्या वेळा सोडून काही लिहीत नाही.

मुलीला दाखवलं. तिला आहे. उजवा डोळा चांगला आहे, डाव्याच्या कडेला वाहिन्या तुटक आहेत आणि एका जागी पडदा ओढल्यासारखा दिसतो. डॉक्टर म्हणाले, अजून दोन-तीन वर्षं कळलं नसतं आणि मग एकदम कळलं असतं. लेसर करायचं आहे, म्हणजे तिथेच थांबेल. माझेही डोळे बघितले. कडेला थोडं आहे, पण गाडी चालवायला हरकत नाही म्हणाले. ते ऐकेपर्यंत माझा जीव मुठीत होता, हेही लिहून टाकतो.

तुझा दादा रविवारी आला होता. मी दार उघडलं. म्हाताऱ्यासारखा दिसतो. केस माझ्यापेक्षा पांढरे. मला वाटलं होतं, तो कधी समोर आला तर मी काय काय बोलेन. गाडी चालवताना किती वेळा बोलून घेतलंय मी. त्यातलं एक वाक्य आठवेना. तो म्हणाला, "आत येऊ का ते तू सांग." मी म्हटलं, "ये." मुलीने येऊन त्याला विचारलं, "काका, तुमचा तो डोळा असा का?" बायकोने तिला दटावलं. तो म्हणाला, "जन्मापासून आहे गं, बाळा." जन्मापासून म्हणाला. माझ्या समोर. मी उठून आत गेलो, नळ सोडून तोंड धुतलं.

काकूंना मी भेटणार नाही. आत्ता तरी नाही. ते मला कुणी सांगायला येऊ नका, तूही नाही. मी वसतिगृहाच्या गेटवर उभा असताना माझ्या आईने मागे वळून बघितलं नव्हतं, कारण तिलाही वाटत होतं मी तेच केलंय. आई ते मनात घेऊनच गेली. तिला आता कुठे जाऊन सांगू? हे काकूंना सांग किंवा नको सांगू, तुझं तू बघ.

तुझ्या मुलाच्या डाव्या डोळ्याचं काय ते कळव.

एक काम आहे. लेसरची तारीख २२ आहे, सकाळी. बायकोला दुकानातून सोडत नाहीत. मी असेन. पण मुलीला आत नेतात आणि दार लावतात, बाहेर किती वेळ बसावं लागतं ते मला माहीत नाही. मी गर्दीच्या रस्त्यावर पन्नास माणसं घेऊन गाडी काढतो, तिथे मला काही होत नाही. ह्या दाराबाहेर मात्र मला एकट्याला बसवेलसं वाटत नाही. तू त्या बाकावर बसलेली आहेस. जमेल का?

बंधू


१८ एप्रिल

बंधू,

येते. तू गाडीच्या वेळा लिहितोस म्हणून मीही लिहिते, सकाळच्या पहिल्या बसने निघेन, तुमच्या आधी दारात असेन. मुलीला आदल्या दिवशी सांगून ठेव की थेंब चुरचुरतात आणि मग दिवसभर सगळं पांढरं दिसतं. न सांगता टाकले तर मुलं घाबरतात.

बाळ सोमवारी घरी आलं. डाव्या डोळ्याचा पडदा जागेवर आहे. पुढची काही वर्षं वरचेवर दाखवत राहायचं आहे, आणि चष्मा लागेलच म्हणतात. काल दुपारी नवरा त्याला मांडीवर घेऊन बसला होता आणि मी खोलीत इकडून तिकडे कपडे वाळत घालत होते. नवरा एकदम म्हणाला, "थांब. आता परत जा." मी गेले. "आता इकडे ये." मी आले. मग मी तशीच हातात ओला टॉवेल घेऊन त्या खोलीत येरझारा घालत राहिले, आणि तो एवढासा डोळा माझ्या मागे मागे फिरत राहिला.

छोटी